श्रीलंकेची महावेली ही आपल्या गंगेचा फाटा नव्हे

'श्रीलंकेतली महावेली गंगा म्हणजे आपल्याच गंगेचा फाटा. रामसेतूखालून, समुद्राच्या पोटातून ती लंकेत निघते. नाव महाबली राजावरून पडलं. इंग्रजांनी हे दडवून ठेवलं.' असा मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतोय.

आधी पाण्याचं बघू. महावेली उगम पावते ती लंकेच्या मध्यावरच्या डोंगरांत, चहाच्या मळ्यांच्या मुलखात. तिथून कँडीला वळसा घालून ती महियंगणच्या सखल भागात उतरते आणि ३३५ किलोमीटर वाहून पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळते. समुद्राखालून आलेलं पाणी कँडीच्याही वर, डोंगरमाथ्यावर कुठल्या पंपाने चढवलं, ते मजकुरात नाही. डोंगरांवर पाऊस भरपूर पडतो, त्यावरच नदी भरते.

राहिलं 'गंगा'. सिंहलीत मोठ्या नदीला सरसकट गंगा म्हणतात, लहान असेल तर ओया. कोलंबोची केलानी गंगा, कळुताराची कालू गंगा, मातराची नीलवला गंगा. एवढे फाटे काढायचे तर हरिद्वारला काही उरायचं नाही. आपले नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, बुधवारच्या बाजाराला 'गंगेवर' जातात. त्यामुळे गोदेत हिमालयाचं बर्फ येत नाही.

महाबलीचा आधार एवढाच, की कानाला तसं लागतं. पाली ग्रंथांत हिचं नाव महावालुकगंगा. वालुका म्हणजे आपली वाळू, आणि सिंहलीतला 'वॅलि' हा शब्दही तिचाच.

इंग्रजांवरचा आळ तर फारच उशिराचा. टॉलेमी या ग्रीक भूगोलतज्ज्ञाने दुसऱ्या शतकात या बेटाच्या नद्या नोंदवल्या, त्यांत एक 'गँजेस', म्हणजे गंगा, आहे. अभ्यासक तिला महावेलीच मानतात. इंग्रजांनी लंकेचा किनारा घेतला १७९६ मध्ये.

जमिनीखालून वाहणारी गंगा बघायचीच असेल, तर लंकेत ती आहे, पण माणसाने केलेली. कँडीजवळ पोलगोल्लला बंधारा घालून १९७६ पासून महावेलीचं पाणी सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून उकुवेलच्या वीजघरात सोडतात. वीज काढून झाली की ते सुदू गंगेत पडतं, तिथून अंबन गंगेत. पुढे बोवतेन्नला त्यातलं काही पाणी पुन्हा वळवून कालावेवा या पाचव्या शतकातल्या तलावाकडे नेतात, कोरड्या पट्ट्यातल्या भातशेतीसाठी. उरलेलं अंबन गंगेबरोबर खाली जाऊन परत महावेलीलाच मिळतं.