घोडं अडतं कुठे

“यांना नका देऊ हा. यांची मांड अजून पिकायची आहे.”

कुंपणाच्या दांडीवर कोपर टेकून, माझ्याकडे न बघता, पण मला नीट ऐकू जाईल अशा बेताने एक गृहस्थ हे बोलले आणि हाताशी आलेला घोडा माझ्या हातून गेला. मांड म्हणे पिकायची आहे! अढीत घालायची का तिला?

मी मध्यम दर्जाचा स्वार आहे. चाल, दुडकी, कँटर जमतं, बुटक्या आडव्या दांड्या ओलांडता येतात, पडलो तर उठून परत चढतो. घोड्यांच्या बाजारात या जमातीला कोणी वाली नाही. जाहिराती दोनच प्रकारच्या असतात. ‘लहान मूलही बसेल’ किंवा ‘फक्त अनुभवी स्वारांसाठी’. पहिल्या प्रकारातला घोडा बघायला जावं तर तो उभ्याउभ्या झोपलेला. घोड्यांना ती सोय असते, मागच्या पायाच्या सांध्याला आतून जणू खिट्टीच लागते. पण हा झोपलाय की निवृत्त झालाय हे कळायला मार्ग नसतो. दुसऱ्या प्रकारातल्याला बघायला गेलं की त्याचा मालक आपल्याला आधी वारसाचं नाव विचारेल असं वाटत राहतं.

तर या मालकाला मी फोनवर बजावून सांगितलं होतं, की घोडा ठाणावरच असू द्या, खोगीर चढवू नका. बाहेर काढताना तो कान पाडतो का, खूर उचलू देतो का, पट्टा आवळताना चावायला वळतो का, हे मला स्वतः बघायचं होतं. घोड्याचा स्वभाव तिथेच कळतो. पाठीवर बसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पोहोचलो तर घोडा खोगिरासकट तयार, मानेवर घाम. “जरा पाय मोकळे केले त्याचे,” मालक म्हणाले. पाय मोकळे केले म्हणजे दमवून ठेवला. दमलेला घोडा कोणाचाही शांतच असतो. हे मला माहीत होतं, मालकांना माहीत होतं आणि बहुधा घोड्यालाही माहीत होतं. तरी मी हसून “बरं केलंत” म्हणालो. गिऱ्हाइकाने किती सोसायचं याला काही मर्यादा?

कुंपणाशी ते गृहस्थ आधीपासून होतेच. पायांत चपला, बोटात किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर जन्म पागेत गेल्याचा भाव.

“उंची?” त्यांनी विचारलं.

“15.2,” मालक अदबीने म्हणाले.

घोडा हातात मोजतात. एक हात म्हणजे 4 इंच, आणि माप आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापर्यंत. टिंबापुढचा आकडा इंचांचा, त्यामुळे 15.3 नंतर थेट 16 येतं. हे तबेल्यात झाडू मारणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

गृहस्थ म्हणाले, “कमी पडेल. यांना 15.8 लागेल.”

15 हात आणि 8 इंच म्हणजे सरळ 17 हात झाले. तेवढ्या उंचीवर मला शिडी लावून चढवावं लागेल. मालक आता हसतील म्हणून मी वाट बघितली. मालक विचारात पडले. “15.8 सध्या नाही आपल्याकडे,” ते म्हणाले. “सांगून ठेवतो.”

“वजन?”

“साडेचारशे किलो असेल.”

“घोड्याचं नाही हो. यांचं.”

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावं, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. साडेचारशेला नव्वद. मी माझा आकडा सांगितला. गृहस्थांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, ओठ हलवत काहीतरी मनाशी मोजलं आणि विचारलं, “खोगीर धरून सांगताय की सोडून?”

मी दातांकडे वळलो. घोडा नऊ वर्षांचा आहे असं मालकांचं म्हणणं होतं. वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांपैकी अगदी कडेच्या दातावर, दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी एक खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षाच्या आसपास ती दातावर अर्धी उतरते, विसाव्यापर्यंत पूर्ण. याची अर्धी उतरलेली होती. माझी काही तक्रार नव्हती. पंधरा वर्षांचा, जग बघितलेला, पायांनी धड असा घोडा माझ्यासारख्याला पाच वर्षांच्या कोवळ्या घोड्यापेक्षा कितीतरी बरा. फक्त पैसे पंधरा वर्षांच्या घोड्याचे द्यायचे! हा माझा हुकमाचा पत्ता होता. तो टाकायला मी तोंड उघडलं, तोच गृहस्थांनी मोबाइलचा टॉर्च घोड्याच्या तोंडात मारला. “दात उत्तम,” ते म्हणाले. “खणखणीत नऊ.” मग टॉर्च माझ्याकडे वळवून, “आणि तुमचं वय?”

मालकांचा चेहरा असा फुलला की आता पंधराचा विषय काढणं म्हणजे कोणाच्या तरी बारशात भांडण काढणं.

मी वर बसलो. घोडा पूर्वी शर्यतीत धावलेला. अशा घोड्याला लगाम ताणला की ते थांबण्याऐवजी पळण्याचं निमंत्रण वाटतं. त्याला तसंच शिकवलेलं असतं. हाही ताणल्याबरोबर निघाला. मी लगाम सैल केला, खोल बसलो, श्वास सोडला आणि तो आपणहून दुडकीवर आला, मग चालीवर. ज्याला स्वारी कळते त्याने या क्षणी निदान मान तरी डोलावली असती. नेमक्या या क्षणी मांड पिकण्याबद्दलचं ते वाक्य आलं.

मी उतरलो. मालकांनी न बोलता पट्टा सैल केला. “जाऊ द्या साहेब,” ते म्हणाले. “तुमचेच पाहुणे नको म्हणतायत, तर मी कशाला गळ्यात मारू?”

“माझे पाहुणे? ते तुमचे भागीदार ना?”

आम्ही दोघांनी एकदमच कुंपणाकडे बघितलं. गृहस्थ पलीकडच्या कुंपणाशी जाऊन एका खेचराचं वय सांगत होते.

भागीदार समजून मी या माणसाचं सगळं ऐकून घेतलं होतं. वजन सांगितलं, वय सांगितलं, मध्ये एकदा लगामही धरायला दिला. आणि जी खरी तपासणी व्हायची ती राहूनच गेली. डॉक्टरांना मी आगाऊ सांगून ठेवलं होतं. ते एकेक पाय मिनिटभर दुमडून धरणार, सोडल्याबरोबर घोडा कडक जमिनीवर दुडकत नेणार, लंगडतो का बघणार. वेदना दाबायचं औषध टोचलेलं नाही ना यासाठी रक्ताचा नमुना घेणार. एवढी शिकलेली माणसं फी घेऊनसुद्धा शेवटी “आज तरी ठीक दिसतोय” इतकंच म्हणतात. आणि हा चपलेतला माणूस फुकटात ठाम निकाल देतो, तो सगळे मानतात, कारण तो ठाम आहे. मला याचा राग येतो. अजून येतो. नवशिक्याला सगळे सांभाळून घेतात, उस्तादाला वचकून असतात. मधल्या माणसाला सल्ला द्यायला मात्र घोड्यावर कधी बसलेलंही असावं लागत नाही.

काल मालकांचा फोन आला. घोडा द्यायला तयार झाले असावेत म्हणून मी घाईघाईने उचलला.

“साहेब, त्या दिवशीच्या त्या जाणकारांचा नंबर मिळेल का? एक घोडी घ्यायची आहे. त्यांची नजर चांगली आहे.”

घोडा अजून आहे का, मी विचारलं.

“आहे की. पण तुम्ही काळजी करू नका, तुमच्यासाठी 15.8 बघतोय.”