न्हाणी ट्रॅपमधले पाणी घाण समजून उपसू नका

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले आणि तिच्या फारशा न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघराचे दार उघडताच कुजक्या अंड्यांचा वास अंगावर आला. मोरीची जाळी बाजूला काढून ठेवलेली होती, तिच्याखालची प्लास्टिकची वाटी घासूनपुसून खिडकीत वाळत घातली होती आणि ट्रॅपमधले, म्हणजे जाळीखाली पाणी साचून राहणाऱ्या खोलगट भागातले, पाणी मावशीने स्पंजने टिपून पार कोरडे केले होते. न्हाणीघरातल्या दुर्गंधीवरच्या पाच उपायांचा एक संदेश तिला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला होता आणि तिघे सांगतात म्हणजे खरेच असणार, असे तिला वाटले. दुखऱ्या गुडघ्यांनी फरशीवर बसून तिने हा उद्योग केला, याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: ट्रॅपमध्ये साचलेले पाणी हेच वासाचे आणि डासांचे मूळ आहे, म्हणून ते काढून टाकावे आणि आतली वाटीही काढावी, महिन्यातून एकदा ॲसिड आणि दुसऱ्या दिवशी ब्लीच ओतावे, जाळीवर डांबरगोळ्या ठेवाव्यात, वास गेला की वायूही गेला, एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू ठेवावा, आणि शेवटी जाळीत चमचाभर तेल सोडावे.

यांतला पहिला उपाय सर्वांत घातक आहे. जाळीखालचा बाक किंवा ती उलटी वाटी तिथे मुद्दाम बसवलेली असते, ती पाणी अडवून धरण्यासाठीच. नळीच्या पलीकडे मैलावाहिनी आहे, तिच्यात हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, अमोनिया असे वायू सतत तयार होत असतात आणि ते व आपले घर यांच्यामध्ये साधारण 50 मिलिमीटर खोलीच्या त्या पाण्याखेरीज दुसरा अडसर नसतो. ही युक्ती काही आजची नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपाखालच्या वळणदार नळीत पाणी अडवून वास रोखण्याची रचना 1775 साली पेटंट करून घेतली होती. वापर थांबला की हे पाणी हळूहळू उडून जाते, हवा कोरडी आणि गरम असेल तर काही आठवड्यांतच, आणि बंद न्हाणीघरातल्या वासाचे नेहमीचे कारण हेच असते. म्हणजे जो बिघाड व्हायला एरवी महिना लागला असता, तो या संदेशाने मावशीच्या हातून दहा मिनिटांत करवून घेतला.

कोरड्या ट्रॅपने काय होऊ शकते, हे हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीने 2003 साली पाहिले आहे. सार्स या श्वसनरोगाच्या साथीत त्या एका वसाहतीतील 300हून अधिक रहिवासी आजारी पडले आणि त्यांतले बरेचसे एकाच इमारतीतले होते. तेथील आरोग्य विभागाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात असे म्हटले की, अनेक घरांत न्हाणीघराची फरशी पाण्याने धुण्याऐवजी पुसून घेतली जात असल्यामुळे फरशीवरच्या निचऱ्याचे ट्रॅप कोरडे पडले असावेत, आणि दार लावून पंखा सुरू केला की मैलावाहिनीतले दूषित थेंब त्या कोरड्या वाटेने आत ओढले गेले असावेत. त्या उद्रेकामागे ही एकच गोष्ट नव्हती, हे मान्य आहे. पण त्यानंतर तेथील आरोग्य यंत्रणा नागरिकांना प्रत्येक निचऱ्यात आठवड्यातून एकदा सुमारे अर्धा लिटर पाणी ओतायला सांगत आली आहे. पाणी उपसून काढा, असे तिने कुठेही सांगितलेले नाही.

डासांबद्दलचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही. न वापरलेल्या ट्रॅपमध्ये डास अंडी घालू शकतात. परंतु उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे सात दिवसांच्या आत एकदा बादलीभर पाणी जोराने ओतले की जुने पाणी बहुतेक अळ्यांसह पुढे निघून जाते आणि ट्रॅप पुन्हा भरतो.

ॲसिडचा सल्ला वाचून मी हादरले, कारण याच संदेशात दुसऱ्या दिवशी ब्लीच टाकायला सांगितले आहे. आदल्या दिवशीचे ॲसिड ट्रॅपमध्ये शिल्लक असेल आणि त्यावर ब्लीच पडले, तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि तोही दार लावलेल्या लहानशा खोलीत, जाळीवर वाकलेल्या माणसाच्या तोंडासमोर. नुसते ॲसिडसुद्धा नळीतल्या सल्फाइडयुक्त गाळावर पडले की हायड्रोजन सल्फाइड मोकळा करते, म्हणजे जो वास घालवायचा तोच वाढतो. शिवाय ते जाळी आणि सिमेंटचे सांधे खाते; सांधा गळू लागला की ट्रॅपमध्ये पाणी टिकणार कसे?

वास गेला म्हणजे वायू गेला, हेही चूक आहे. डांबरगोळ्यांचा उग्र वास दुसऱ्या वासावर पांघरूण घालतो, नळीचे तोंड बंद करत नाही. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण दशलक्ष भागांत 100 च्या आसपास गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. घरातल्या कोरड्या ट्रॅपमधून सहसा एवढा वायू येत नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण अगदी कमी प्रमाणातही नाकाला कळणारी ही सूचना आपण स्वतःहून का बुजवावी?

पंख्याचे अमॉय गार्डन्सच्या संदर्भात वर आलेच आहे. मावशीला पटावे म्हणून मी टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी कोरड्या जाळीवर धरली आणि तिला दार लावून पंखा सुरू करायला सांगितले. पट्टी वर उचलली जाऊन फडफडू लागली. मग वाटी जागेवर बसवून दोन तांबे पाणी ओतले आणि पुन्हा धरली, तेव्हा ती लोंबत राहिली.

राहिले तेल. घर महिना-दोन महिने बंद राहणार असेल, तर भरलेल्या ट्रॅपवर थोडे खनिज तेल सोडल्याने पाणी उडण्याचा वेग खरोखरच कमी होतो, हे नाइलाजाने कबूल करते. पण त्यासाठी खाली पाणी हवे, आणि ते तर पहिल्याच उपायात उपसून झाले आहे! खाद्यतेल मात्र टाकू नये, ते खवट होऊन स्वतःच वास मारते.

पाणी भरूनही वास राहिला, तर दुसऱ्या दिवशी जाळीतून टॉर्चचा उजेड टाकून पाहावे. पातळी एका रात्रीत उतरली असेल, तर ट्रॅपला तडा गेला आहे, वाहिनीला हवेची नळी नसल्याने पाणी ओढले जात आहे किंवा अडकलेल्या केसांवरून ते थेंब थेंब झिरपून जात आहे. केस आपल्याला काढता येतात. बाकी दोन्हींसाठी प्लंबरला बोलवावे.