‘वर्षाला फक्त ३१ मिलिसेकंद’: त्या फॉरवर्डचा हिशेब

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. त्यातला एक मामांकडून, ‘तुझ्या कामाचं आहे’ अशा शेऱ्यासकट. मजकुराचा सार असा: पूर्वी टेलिफोनचं सॉफ्टवेअर कधी बंद पडत नसे. एरिक्सन कंपनीचं एक एक्स्चेंज ९९.९९९९९९९ टक्के चालू राहिलं, म्हणजे वर्षाला फक्त ३१ मिलिसेकंद बंद. वीस वर्षांत पुरता एक सेकंदसुद्धा नाही. कारण ते एरलँग या भाषेत लिहिलेलं होतं आणि ती भाषा प्रोग्रामला कोसळूच देत नाही. एरलँग नावाच्या शास्त्रज्ञाने ती शोधली. व्हॉट्सअॅपही त्याच भाषेत आहे, म्हणून ते कधी पडत नाही. शेवटी नेहमीची फोडणी: आजच्या पोरांना असलं काही जमत नाही.

मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो आणि एरलँगवर माझा जीव आहे. म्हणूनच ही खोटी स्तुती जास्त झोंबली. एकेक मुद्दा घेतो.

नावाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. आग्नर क्रारूप एरलँग हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले डॅनिश गणिती. ते १९२९ साली वारले. भाषा स्वीडनमध्ये एरिक्सनच्या प्रयोगशाळेत १९८६च्या सुमारास आकाराला येऊ लागली. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट वर्डिंग आणि माइक विल्यम्स यांच्या हातून. नाव एरलँगसाहेबांच्या सन्मानार्थ दिलं, आणि ‘एरिक्सन लँग्वेज’चा संक्षेपही त्यात बसतो, ही गंमत वेगळी. म्हाताऱ्याचा खरा शोध मात्र फॉरवर्डमध्ये आलाच नाही. तो पुढे येईलच.

आता ते ३१ मिलिसेकंद. गुणाकार बरोबर आहे. वर्षाचे ३ कोटी १५ लाख ३६ हजार सेकंद, बंद राहण्याचं प्रमाण अब्जात एक, आणि त्या सेकंदांचा अब्जावा भाग म्हणजे साडेएकतीस मिलिसेकंद. गडबड आहे ती ‘वीस वर्षां’त. ज्या यंत्राबद्दल हे बोललं जातं ते एरिक्सनचं एएक्सडी ३०१. ते १९९८ साली जाहीर झालं आणि त्यात दहा लाखांहून जास्त ओळी एरलँगच्या होत्या. नऊ हा अंक नऊ वेळा येणारा तो टक्केवारीचा आकडा आला ब्रिटिश टेलिकॉमच्या जाळ्यातून. तिथे जानेवारी २००२पासून या यंत्राचे पहिले नोड, म्हणजे जाळ्यात ठिकठिकाणी बसवलेले संच, चालू झाले, आणि तेव्हापासून एकच किरकोळ दोष आढळला, असं कंपनीकडून सांगितलं गेलं. म्हणजे मोजणी होती काही नोडची, सुरुवातीच्या थोड्या काळातली. तेव्हा जेमतेम चार वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या पेटीने वीस वर्षांचा विक्रम कसा करावा?

हा आकडा सिद्ध करायला किती काळ लागेल, तेही पाहा. समजा यंत्र एकदाच आणि एकच सेकंद बंद पडलं. तरी अब्जात एक हे प्रमाण जुळायला अब्ज सेकंद हवेत, म्हणजे जवळपास ३२ वर्षं. दहा नोड असतील तर तीन वर्षांहून जास्त, आणि मध्ये दुसरा दोष येता कामा नये. एका चांगल्या हंगामातला आकडा जन्मभराचा म्हणून सांगणं म्हणजे पहिल्याच सामन्यात शतक काढणाऱ्याची सरासरी शंभर म्हणून छापणं.

टेलिफोनवाल्यांचं स्वतःचं उद्दिष्ट इतकं फुगलेलं कधीच नव्हतं. अमेरिकेत बेल कंपनीचं वन-ईएसएस हे संगणकावर चालणारं एक्स्चेंज १९६५ साली न्यू जर्सीतल्या सकासना गावी सुरू झालं. त्याचं उद्दिष्ट होतं चाळीस वर्षांत मिळून दोन तास बंद. वर्षाला तीन मिनिटं. त्यासाठीही दोन-दोन प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवले होते, एक बिघडला की दुसऱ्याने काम उचलावं म्हणून. हे उद्दिष्ट ९९.९९९च्या थोडंच वर जातं, आणि माझ्या मते तेच खरं थक्क करणारं आहे.

‘टेलिफोन कधी बंद पडत नसे’ हे वाचून मला हसूच आलं. आमच्या गावी पहिल्या मोठ्या पावसात केबल भिजायची आणि फोन ‘डेड’ व्हायचा. मग लाइनमनची वाट बघायची. पण तो दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, हे मान्य. त्याहून महत्त्वाचं असं की चालू असलेलं एक्स्चेंजसुद्धा तुमचा कॉल नाकारत असे, आणि ते ठरवून. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ हा बाईंचा आवाज आठवतो ना? इथे एरलँगसाहेब येतात. गावात हजार फोन असले तरी हजार जण एकाच वेळी बाहेरगावी बोलत नाहीत, मग मधल्या लाइन किती टाकायच्या? कमी टाकल्या तर लोक वैतागतात, जास्त टाकल्या तर पैसे वाया. अमुक वर्दळीला अमुक लाइन ठेवल्या तर शेकडा किती कॉल परत जातील, याचं सूत्र त्यांनी १९१७ साली दिलं. टेलिफोनची वर्दळ आजही ‘एरलँग’ याच एककात मोजतात. म्हणजे काही लोकांना नकार मिळणार, हे एक्स्चेंज बांधण्याआधीच हिशेबात धरलेलं असे. आणि तो नकार ‘बंद’ या खात्यात पडत नाही! एक्स्चेंज चालू, तुमचा फोन मात्र लागत नाही. टक्केवारी शाबूत.

सॉफ्टवेअरच पडल्याचं उदाहरण हवं असेल तर १५ जानेवारी १९९० घ्या. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचं अमेरिकाभरचं लांब पल्ल्याचं जाळं ११४ मोठ्या स्विचांवर, म्हणजे कॉल पुढे पाठवणाऱ्या एक्स्चेंजांवर, चालत होतं. दुपारी न्यूयॉर्कमधल्या एका स्विचला काहीतरी झालं. त्याने नियमाप्रमाणे शेजाऱ्यांना ‘थोडा वेळ कॉल पाठवू नका’ असं कळवलं, पाच-सहा सेकंदांत स्वतःला सावरलं आणि पुन्हा कॉल पाठवायला लागला. त्याचा पहिला संदेश आला की शेजारी ‘हा परत आला’ अशी नोंद करायचे. ही पद्धत आदल्या महिन्यातच, डिसेंबरात आणली होती, सावरणं आणखी झटपट व्हावं म्हणून. नेमकी तिथेच चूक होती. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेतली ‘ब्रेक’ (इथून बाहेर पड) ही आज्ञा चुकीच्या जागी पडली होती. शेजारी नोंद करत असतानाच सेकंदाच्या शंभराव्या भागात दुसरा संदेश आला, तर त्याच्याकडची माहिती बिघडायची आणि तोही स्वतःला बंद करून सावरायला लागायचा. तो सावरला की त्याचे संदेश पुढच्या शेजाऱ्याला पाडायचे. सगळ्यांकडे तेच सॉफ्टवेअर, तीच चूक. नऊ तास हा खेळ चालला. शेवटी इंजिनिअरांनी संदेशांची गर्दी कमी केली, तेव्हा दोन संदेशांत अंतर पडलं आणि जाळं शांत झालं.

सावरण्यासाठी लिहिलेल्या ओळींनीच जाळं पाडलं, हा भाग मी नव्या मुलांना मुद्दाम सांगतो.

‘ते कुठे एरलँगमध्ये होतं?’ असं कोणी म्हणेल. नव्हतंच. मग एरलँगकडे येऊ. ‘ही भाषा प्रोग्रामला कोसळू देत नाही’ हे वाक्य फॉरवर्डमधलं सगळ्यात उलटं वाक्य आहे. एरलँगवाल्यांचं घोषवाक्यच मुळी ‘कोसळू दे’ असं आहे. प्रत्येक कॉलला एक स्वतंत्र, चिमुकली प्रोसेस, म्हणजे आपापलं चालणारा प्रोग्रामचा तुकडा. तिची मेमरी तिच्यापुरती, दुसरीच्या ताटात हात नाही. काही विपरीत घडलं की तिने सारवासारव करत बसायचं नाही, सरळ मरायचं. वर बसलेली, देखरेख करणारी प्रोसेस, म्हणजे सुपरवायझर, ते बघतो आणि तिच्या जागी कोरी प्रोसेस उभी करतो. एकाचा कॉल तुटतो, बाकीच्यांचे चालू राहतात. त्याच त्या प्रोसेस थोड्या वेळात वारंवार मरू लागल्या तर सुपरवायझर स्वतःही मरतो आणि प्रश्न त्याच्या वरच्याकडे जातो. आर्मस्ट्राँग यांनी २००३ साली स्टॉकहोममध्ये पीएचडीचा प्रबंध सादर केला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच मुळी ‘सॉफ्टवेअरमध्ये चुका असताना’ विश्वासार्ह यंत्रणा उभारणं असा आहे. चुका राहणार, हे त्यांनी दारातच मान्य केलंय.

या युक्तीची मर्यादाही आहे. पुन्हा सुरू केल्याने वेळेच्या योगायोगाने झालेली चूक जाते. जी दर वेळी होणार ती जात नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट गेलं, जपानमध्ये सॉफ्टबँक या मोबाइल कंपनीचं जाळं काही तास आडवं झालं. कारण? एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली होती. मोबाइल डेटाची वाट ठरवणारे ते नोड होते, आणि एरिक्सनच्या त्या नोडमध्ये एरलँगचा वापर मोठा, हे धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे. मुदत संपलेलं सर्टिफिकेट घेऊन प्रोसेस दहा वेळा उठवली तरी दहाव्यांदाही ते संपलेलंच.

व्हॉट्सअॅपचं म्हणाल तर, २०१२च्या सुरुवातीला त्यांनी एका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त जोडण्या चालवून दाखवल्या, ही गोष्ट खरी आणि कौतुकाची. त्यासाठी एरलँगचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर आणि त्याच्या खालची फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, दोन्हीत त्यांना हात घालावा लागला होता. पण ‘कधी पडत नाही’? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सअॅपची मालक असलेल्या फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यावर देखभालीची एक आज्ञा चुकली, त्यांच्या सर्व्हरांपर्यंत जाणाऱ्या वाटाच इंटरनेटच्या नकाशावरून पुसल्या गेल्या आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास गायब होतं. भाषा कुठलीही असो, रस्ताच नसेल तर ती काय करणार. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबर २०२२ला, भर दुपारी ते पुन्हा पडलं. हा फॉरवर्ड व्हॉट्सअॅपवरूनच फिरतो आहे आणि वाचणाऱ्यांपैकी कोणालाच ती दिवाळी आठवू नये, याचं मला नवल वाटतं.

राहता राहिली आजची पोरं. बेल लॅब्ज या बेल कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत अर्ना हूव्हर नावाच्या बाई होत्या. शिक्षण मध्ययुगीन इतिहास आणि तत्त्वज्ञानाचं, पीएचडी येल विद्यापीठाची. संगणकावरच्या एक्स्चेंजवर कॉलचा लोंढा आला की ते गुदमरायचं. मुलीच्या जन्मानंतर दवाखान्यात असताना हूव्हरबाईंनी त्यावरच्या उपायाचं रेखाटन केलं: किती काम आत येतंय यावर प्रोग्रामनेच नजर ठेवायची, हातातले कॉल आधी सांभाळायचे, बिलाची नोंद वगैरे मागे ढकलायची आणि झेपेल तेवढेच नवे कॉल आत घ्यायचे. १९७१ साली त्याचं पेटंट मिळालं. (ते ‘जगातलं पहिलं सॉफ्टवेअर पेटंट’ असल्याचा आणखी एक फॉरवर्ड फिरतो. तसं पेटंट अमेरिकेत मार्टिन गोएट्झ यांना १९६८ सालीच मिळालं होतं.) आमच्या टीममधल्या चोविशीतल्या मुलीने परवा सर्व्हरवर नेमकं हेच बसवलं. बाईंचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं. गर्दी झाली की तिचा सर्व्हर आता आधी आलेल्यांचं काम पुरं करतो आणि नव्यांना स्क्रीनवर सांगतो, ‘सध्या गर्दी आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ मामांना मी तो स्क्रीन पाठवला. त्यांचं उत्तर आलं: ‘म्हणजे सर्व लाइन्स व्यस्त आहेत!’