खुलासा : हवा लागून कॅन्सर पसरत नाही

परभणी-हिंगोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन केलं, आत हवा लागली, म्हणून पेशंटच्या दंडात गाठ आली. चाकू लावू देऊ नका."

अशी गाठ येऊ शकते, हे खरं. कारण मात्र साफ खोटं. अन्ननलिकेला आतड्यासारखं बाहेरचं आवरण नसतं आणि तिच्या भिंतीत लसिकावाहिन्यांचं (शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं) दाट जाळं असतं. त्यामुळे रोगाच्या पेशी ऑपरेशनच्या आधीच निसटलेल्या असू शकतात, स्कॅनमध्ये दिसणार नाहीत इतक्या बारीक. पुढे त्या बहुधा लसिकाग्रंथी, यकृत, फुप्फुस, हाडं इथं वाढतात. कातडी, स्नायू, मेंदू ही ठिकाणं क्वचितची. टाक्यांच्या जागी पेशी रुजल्याच्या नोंदीही आहेत, पण विरळ. हवेचा तिथंही संबंध नाही.

असल्या मेसेजपायी लोक ऑपरेशनची वेळ घालवतात, संताप त्याचा येतो.

ऑपरेशन झालेल्यांनी, विशेषतः पहिल्या 2 वर्षांत, नवी गाठ लागली तर "चरबीची असेल" म्हणत लेप लावत बसू नये. सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी करून घ्यावी. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना ऑपरेशनचे जुने कागद आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत न्या.