वारा पडलाय म्हणून समुद्र शांत?

‘समुद्राच्या अंदाजाचं सरकारी थोतांड: पाच पुरावे’ हा फॉरवर्ड चार ग्रुपवर येऊन गेला, मी सोडून दिला. पण परवा तो वर्सोव्याच्या मामेभावाने पाठवला, खाली पुस्ती जोडून: ‘इशारे बघणं बंद केलं, डोक्याला ताप नको.’ त्याची स्वतःची बोट आहे, वर खलाशी आहेत. आता गप्प बसवत नाही.

पुरावा पहिला म्हणे, समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था ‘इन्कॉइस’ हैदराबादेत, तिथे कुठे समुद्र? उपग्रहाचा आणि समुद्रातल्या तरंगकांचा (पाण्यावर तरंगत मोजमाप करणाऱ्या यंत्रांचा) डेटा उतरवायला चौपाटी लागत नाही. पुढे.

दुसरा: ‘सगळं अमेरिकेचं उचललेलं.’ अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. लाटांच्या गणिताची मूळ संगणकी मॉडेलं परदेशातली आहेत, काही अमेरिकेचीही, पण ती जगाला खुली आहेत. आपल्या किनाऱ्याजवळची खोली त्यात भरायची, आपल्या तरंगकांशी ताडून बघायचं आणि इशारा वर्सोव्यापर्यंत पोचवायचा, हे दुसरा कोणता देश आपल्यासाठी करत बसणार? 2004 च्या त्सुनामीला आपल्याकडे इशारा द्यायला यंत्रणाच नव्हती. ती 2007 मध्ये उभी राहिली.

तिसरा मुद्दा जिवावर बेतणारा. ‘वारा पडलाय, आभाळ मोकळं, तरी लाटांचा इशारा? 2024 च्या मेमध्ये मुंबई पालिकेने 36 तास समुद्रावर जाऊ नका म्हटलं, काय झालं?’

काय झालं ते सांगतो. त्या लाटा इथल्या वाऱ्याच्या नव्हत्याच. एप्रिलच्या शेवटी सुमारे दहा हजार किलोमीटर लांब, दक्षिण अटलांटिकमध्ये कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तो सरकत दक्षिण हिंदी महासागरात आला. तिथे उठलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागल्या. भर समुद्रात अशी लाट लांबलचक आणि बसकी, बोटीखालून गेली तरी कळणार नाही. उथळ पाण्यात आली की उभी राहते आणि माघारी जाताना माणसाला ओढून नेते. केरळात तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र. मुंबईसाठी इशारा 4 आणि 5 मेचा होता, लाटा अर्धा ते दीड मीटरच्या. इथे निभावलं. 6 मेला कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच मुलं समुद्रात बुडून गेली. त्या किनाऱ्यालाही इशारा होता. आणि अशा इशाऱ्यात बोटवाल्यांसाठी वेगळी ओळ असते: नांगरलेल्या बोटी एकमेकींपासून अंतर ठेवून बांधा. जेट्टीला खेटून लावलेल्या बोटींच्या फळ्या कशाने फुटतात, हे भावाला मी सांगायला नको.

चौथा: ‘4.8 मीटरची भरती सांगतात, सोळा फुटी लाट कुणी पाहिली?’ अरे, ती लाट नाहीच! ती ठरावीक पातळीपासून मोजलेली पाण्याची उंची. चंद्र-सूर्याच्या गणिताने आधीच छापता येते. लाटा तिच्यावर वेगळ्या. धोका असतो तो त्याच वेळी मुसळधार पाऊस आला तर, कारण नाल्यांचं पाणी समुद्र आत घेत नाही. यात दोष मात्र ‘मुंबईवर 4.8 मीटरच्या लाटा’ असे मथळे देणाऱ्या चॅनेलांचाही आहे.

पाचवा, मासळी कुठे मिळेल याच्या इन्कॉइसच्या सल्ल्यावर: ‘मासळी दाखवतात तिथे जाळं रिकामं येतं.’ येतं कधीकधी. उपग्रह पाण्याचं तापमान आणि हिरवा रंग या खुणा बघतो, मासा नाही. ढग आले की तेही दिसत नाही. डिझेल जाळायचं की नाही ते तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, ठरवावं. पण मासळीचा सल्ला चुकला म्हणून लाटांचा इशाराही बघायचा नाही, हे कुठलं शहाणपण?