कोबाल्टाइट निळे नसते हो!

कोबाल्टाइट या कोबाल्टच्या खनिजावरचा तुमचा लेख छान आहे, पण त्यात निळ्या खड्याचा फोटो का टाकलाय? कोबाल्टाइट रुपेरी-पांढरे असते, किंचित लालसर झाक असलेले, आणि चकाकी अस्सल धातूची. कस (घासल्यावर उमटणारी रेघ) करडसर काळा, कठिनता मोसच्या १ ते १० मापात साधारण ५.५, विशिष्ट गुरुत्व ६.३ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या सहापटीहून जड. हातात घेतले की आकाराच्या मानाने जडच वाटते. निळा रंग येतो तो खनिज भाजून त्याचे ऑक्साइड काचेत वितळवल्यावर.

आणखी एक. कोबाल्टाइट म्हणजे निव्वळ कोबाल्ट सल्फाइड नाही, त्यात आर्सेनिकही आहे, वजनाने कोबाल्टपेक्षा जास्तच. म्हणून भाजताना विषारी धूर निघतो. (घरी प्रयोग करू नका!) स्फटिक घनाकृती, पृष्ठांवर रेघा, त्यामुळे पायराइटशी (लोखंडाच्या सल्फाइडशी) गल्लत होते. पण पायराइट पितळी पिवळे आणि जास्त कठीण. शिवाय कोबाल्टाइट हवा-पाण्याने झिजले की त्यावर एरिथ्राइट या कोबाल्टच्याच दुसऱ्या खनिजाचा गुलाबी थर येतो. खाणकामगारांना ही मोठीच खूण.

कोबाल्टाइट कुठे सापडते हे सांगताना लेखात स्वीडनचे तुनाबेरी आणि कॅनडातले कोबाल्ट गाव आहे, नॉर्वेतल्या स्कुटेरुडच्या खाणी मात्र नाहीत. तिथल्या कोबाल्टाइटवर १७७६ मध्ये राजाने निळ्या रंगाचा कारखानाच काढला होता. आणि आपले राजस्थानातले खेत्री कसे विसरलात? तिथल्या तांब्याच्या खाणींत हे खनिज सापडायचे, आणि 'सेहता' या नावाने ते जयपूरच्या मीनाकारांकडे निळ्या मिन्यासाठी जायचे. खरे तर त्यावर वेगळा लेखच हवा.