‘भाडोत्री’ पोरं आणि एक फिरता मेसेज

ट्रान्स्फर पोर्टल उघडलं, की तो मेसेज येतोच. यंदा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तो तीन वेगवेगळ्या काकांनी टाकला आणि तिघांनीही खाली ‘अगदी खरं’ असं लिहिलं. शब्द दरवर्षी थोडे इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: ट्रान्स्फर पोर्टलने अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची वाट लावली. पोरं भाडोत्री झाली. काल आलेला आणि उद्या जाणारा पोरगा संघाचा पुढारी होऊ शकत नाही. पूर्वी निष्ठा होती. असे गोळा केलेले संघ टिकत नाहीत. आणि सगळा मलिदा शेवटी बड्या कॉलेजांच्याच ताटात.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पोर्टल म्हणजे ‘मला दुसऱ्या कॉलेजकडून खेळायचंय’ असं नाव नोंदवण्याची यादी. ती 15 ऑक्टोबर 2018 ला सुरू झाली. 2021 पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागेनासं झालं, आणि एप्रिल 2024 पासून अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा बदला. मधल्या काळात, जुलै 2021 मध्ये, खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मुभा मिळाली. जुलै 2025 पासून तर कॉलेजंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात.

आधी पुढारीपणाचं बघू, कारण मेसेजचा सगळा जोर तिथेच आहे.

हाइझमन ट्रॉफी म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. 2017 ते 2025 या नऊ वर्षांतले सात विजेते कॉलेज बदलून आलेले आहेत. अपवाद दोनच, 2020 आणि 2021, दोघेही अलाबामा कॉलेजचे. 2019 ला तर पहिले तिन्ही क्रमांक बाहेरून आलेल्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्यांचे, होते: जो बरो, जेलन हर्ट्स, जस्टिन फील्ड्स. आता कुणी म्हणेल, ट्रॉफी म्हणजे पुढारीपण नव्हे. कबूल. पण हर्ट्स अलाबामा सोडून ओक्लाहोमाला आला तो जानेवारीत, आणि हंगाम सुरू व्हायच्या आत तो कर्णधारांपैकी एक झालेला होता. लॉकर रूमला माणूस ओळखायला चार वर्षं लागत नाहीत, एक उन्हाळा पुरतो.

मला स्वतःला हर्ट्सपेक्षा दोन कमी चमकदार नावं जास्त पटतात. पहिला सेथ मॅक्लॉफ्लिन. हा सेंटर, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देणारा. टीव्हीवर त्याची फक्त पाठ दिसते. पण समोरची फळी कशी उभी आहे हे वाचून कुणी कुणाला अडवायचं, ते ओरडून सांगणारा तोच. 1 जानेवारी 2024 च्या रोझ बाउल या उपांत्य सामन्यात, जादा वेळेत, अलाबामाच्या अगदी शेवटच्या खेळीला त्याचा चेंडू खाली गेला. मिशिगन जिंकलं आणि लोकांनी पोराला इंटरनेटवर सोलून काढलं. तो ओहायो स्टेटला गेला. तिथे त्याने आक्रमक फळीचा मध्य इतका सांभाळला की नोव्हेंबरमध्ये सरावात टाचेचा स्नायुबंध तुटूनही देशातल्या सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी त्यालाच मिळाली. त्याच हंगामात ओहायो स्टेट विजेतं ठरलं.

दुसरा कर्टिस रूर्क. ओहायो विद्यापीठातून 2024 ला इंडियानाकडे आला, हातात खेळायचं एकच वर्ष शिल्लक. मेसेजच्या भाषेत नखशिखांत भाडोत्री. हंगाम संपल्यावर कळलं की तो गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना वर्षभर खेळला. एक वर्षाच्या पाहुण्याने एवढं करावं असं कुठल्या करारात लिहिलेलं असतं?

आता ती निष्ठा. पूर्वी पोरं जागची हलत नव्हती, कारण हलायची सोय नव्हती. दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही आपल्या कॉलेजची परवानगी लागायची आणि गेलात तर साधारणपणे वर्षभर बाकावर. बेकर मेफील्ड टेक्सास टेक सोडून ओक्लाहोमाला गेला आणि 2014 चा अख्खा हंगाम त्याने बाहेरून पाहिला. दाराला बाहेरून कडी घालायची आणि आतल्याला म्हणायचं, बघा किती घरकोंबडा आहे! प्रशिक्षकांना मात्र तेव्हाही आणि नंतरही मोकळं रान. लिंकन रायली ओक्लाहोमातून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) आणि ब्रायन केली नोत्र दामहून एलएसयूला (लुईझियाना स्टेट), हे नोव्हेंबर 2021 च्या शेवटी दोन-तीन दिवसांत उरकलं. त्यावर निष्ठेचा मेसेज आमच्या ग्रुपवर आलेला मला आठवत नाही.

आणि 2025 चं ओल मिस हे कॉलेज. संघ 11-1, म्हणजे 11 विजय आणि 1 पराभव, विजेता ठरवणारी बाद फेरी म्हणजे प्लेऑफ तोंडावर, आणि प्रशिक्षक लेन किफिन 30 नोव्हेंबरला एलएसयूला निघून गेले. मागे राहिला क्वार्टरबॅक ट्रिनिडाड चँब्लिस, जो वर्षभरापूर्वी फेरिस स्टेट नावाच्या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात खेळत होता, आणि त्याच्यासारखेच इकडून तिकडून आलेले बरेचसे. बचावाचे प्रशिक्षक पीट गोल्डिंग यांनी सूत्रं हाती घेतली. 1 जानेवारीला शुगर बाउल या उपांत्यपूर्व सामन्यात या पोरांनी जॉर्जियाला 39-34 हरवलं. कोण पळालं आणि कोण उभं राहिलं, हे मेसेज टाकणाऱ्या काकांनीच सांगावं.

गोळा केलेले संघ टिकत नाहीत, या मुद्द्यात मात्र दम आहे. कोलोरॅडोला डीऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघ 1-11 होता. त्यांनी 50 हून जास्त पोरांना वाट दाखवली, ऐंशीच्या वर नवी आणली. 2023 ला पहिले तीन सामने जिंकले, देशभर गाजावाजा झाला आणि हंगाम 4-8 वर आटोपला. फ्लोरिडा स्टेट बाहेरून आणलेल्यांच्या जोरावर 2023 ला 13-0 पर्यंत गेलं आणि पुढच्याच वर्षी 2-10. म्हणजे बाजारात जाऊन पिशवी भरली की स्वयंपाक होतो, असं नाही.

पण मग इंडियानाचं काय करायचं? पराभवांच्या आकड्यात तेव्हा देशात सर्वांत वर असलेलं कॉलेज, 2023 ला 3-9. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन कॉलेजातून आले ते तिथले 13 खेळाडू सोबत घेऊन. खरी मेख या तेरांत आहे. एडन फिशर, डीअँजेलो पाँड्स, एलायजा सॅरट ही फार मोठी नावं नव्हती. पण प्रशिक्षकाला सराव कसा हवा, चूक झाली की काय ऐकावं लागतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. इंडियानातल्या जुन्या पोरांना ते भाषणातून शिकवावं लागलं नाही, शेजारी पळणाऱ्याकडे बघून कळलं. कोलोरॅडोत आलेल्या ऐंशीपैकी बहुतेक जण एकमेकांना अनोळखी होते. इथे विरजण तयार होतं, दूध घालायचं बाकी होतं. 2024 ला 11-2, आणि 2025 ला 16-0.

19 जानेवारी 2026 चा अंतिम सामना मायामीविरुद्ध, मायामीच्याच घरच्या मैदानावर झाला. इंडियाना 17-14 ने पुढे, शेवटचं सत्र, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, चार यार्ड पुढे जायला हवेत. ही संधी हुकली की चेंडू मायामीचा. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाकडून खेळत होता, मूळचा मायामी शहरातलाच. त्याने चेंडू कुणाला दिलाच नाही. स्वतः मधून घुसला, धक्के खाल्ले, गिरकी घेतली आणि बारा यार्ड पार करून आडवी उडी घेत रेषेपलीकडे पडला. सामना 27-21. समोरचा क्वार्टरबॅक कार्सन बेक, तोही जॉर्जियाहून आलेला.

उलट टोकाला क्लेमसन. तिथले प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी अनेक वर्षं बाहेरची पोरं घेणं जवळजवळ टाळलं, मेसेजला हवं तसंच. 2025 ला हंगामाआधी देशात चौथं मानांकन आणि नियमित हंगाम 7-5. एका वर्षावरून त्यांना झोडपायचं कारण नाही, 2024 ला ते प्लेऑफमध्ये होतेच. पण घरची पोरं म्हणजे आपोआप एकजूट, एवढं काही सिद्ध होत नाही.

बड्यांच्या ताटातल्या मलिद्याचं थोडक्यात: पैसा बड्यांकडे जातो, हे खरंच आहे आणि पोर्टलच्या आधीही खरं होतं. पण प्रशिक्षक आणि 13 खेळाडू गमावलेलं जेम्स मॅडिसन 2025 ला स्वतः प्लेऑफमध्ये पोचलं.

तक्रारच करायची तर वेळापत्रकाची करा. 2026 पासून पोर्टल वर्षातून एकदाच उघडतं, 2 ते 16 जानेवारी. उपांत्य सामने 8 आणि 9 जानेवारीला. म्हणजे मोसमातला सर्वांत मोठा सामना आठवड्यावर आलेला असताना राखीव फळीतल्या पोराला पुढच्या वर्षीचं कॉलेजही शोधायचं असतं, आणि प्रशिक्षकाला सरावाच्या मधल्या वेळात दुसऱ्यांची पोरं फोनवर पटवायची असतात. अंतिम सामना खेळणाऱ्या संघांना नंतर चार-पाच दिवस जादा मिळतात, इतकंच. याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळही नाही.